टेबलाच्या पलीकडची बाजू

आमच्या थोरल्या जाऊबाई जिना चढायला लागल्या की आत स्वयंपाकघरात मला कळतं. त्यांचा उजवा गुडघा वाजतो. डावाही वाजतो, पण तो जरा मागून आणि दबकत, धाकट्या जावेसारखा. वर आल्या की दारात कठड्याला हात लावून त्या क्षणभर उभ्या राहतात, आणि कोणी "दुखतंय का?" म्हणून विचारलंच तर "तुला कोणी सांगितलं?" असं उलट विचारतात. दुखतं हे त्या स्वतःच्या तोंडाने सहसा कबूल करत नाहीत. पहिल्यांदा केलं ते भर सभागृहात, परक्या माणसांसमोर. ती गोष्ट मला सांगायची आहे.

मी त्यांची धाकटी जाऊ. एका घरात राहायचं, एकाच ठिकाणी कामाला जायचं आणि तरी एकमेकींशी बोलायचं, हे सगळ्या जावांना जमत नाही. आम्हाला जमलं, कारण घरात त्यांचं चालतं आणि कामावर... तिथेही त्यांचंच चालतं. आमचा शिवणकारखाना रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. एक लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना शिलाई मशीन, कोपऱ्यात इस्त्रीची जागा आणि मधोमध कापायचं टेबल. मी मशीनवर बसते. जाऊबाई टेबलावर, म्हणजे त्या कटिंग मास्तर. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणतात, मालकीणबाईसुद्धा.

आमच्याकडे एक नियम आहे, कोणी कुठे लिहून ठेवलेला नाही: खडू ज्याचा, कात्री त्याची. ज्याने कापडावर रेघ मारली त्यानेच ते कापायचं. कारण शिवलेलं उसवता येतं, कापलेलं जोडता येत नाही, आणि चूक झाली तर ती कोणाची यावरून नंतर तू तू मैं मैं नको. जाऊबाईंची कात्री काळ्या मुठीची, चांगली जड. तिला दुसरं कोणी हात लावत नाही. मी एकदा घाईत त्या कात्रीने दोरा कापला होता, तेव्हा त्या माझ्याशी आठवडाभर फक्त कामापुरतं बोलल्या.

लोकांना वाटतं मास्तर हातांनी कापतो. खरं तर तो पायांनी कापतो. टेबल एवढं रुंद की पलीकडच्या काठापर्यंत हात पोचत नाही. अर्ध्या रेघा इकडून मारायच्या, वळसा घालून पलीकडे जायचं, उरलेल्या तिकडून मारायच्या, मग कात्री घेऊन पुन्हा तेच. दिवसभर फेऱ्या. त्यात मध्ये एक कडा शिवायचं, ओव्हरलॉकचं नवं मशीन आलं आणि त्याला जागा हवी म्हणून टेबलाचं एक टोक भिंतीला टेकवलं गेलं. तेव्हापासून पलीकडे जायचं तर एकच वाट उरली, इस्त्रीवाल्या बाईच्या अंगावरून.

पन्नाशीच्या आसपास जाऊबाईंची पाळी गेली. आम्ही बायकांनी "सुटलात बाई एकदाच्या" म्हणून त्यांचं अभिनंदन केलं. सुटल्या कसल्या, एका कटकटीतून निघून दुसरीत पडल्या. आधी अंगातून वाफा निघायच्या. भर थंडीत पंखा लावायच्या आणि आम्ही सगळ्या कुडकुडत शिवायचो. ते जरा निवळतंय तोवर गुडघे सुरू झाले. सकाळी उठल्यावर आखडलेले. थोडा वेळ बसून उठलं की पहिली चार पावलं दाराची चौकट धरून. आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त हाल. चढणं तरी माणूस दात-ओठ खाऊन चढतो, उतरताना गुडघा कधी दगा देईल याचा भरवसा नसतो.

घरातल्या पुरुषांनी यावर निदान करून टाकलं: वय झालं. निदान करणारे आमचे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, त्यांच्याहून वयाने चांगले मोठे. जन्मभर टपाल वाटलं, अर्धं सायकलवर आणि अर्धं पायी, आणि गुडघे अजून ठणठणीत. जाऊबाईंनी एकदाच विचारलं होतं की वय तर तुमचंही झालं, मग तुमचे का नाही दुखत. त्यावर भाऊजी म्हणाले, आम्ही काळजी घेतो. कसली काळजी ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण पोळ्या करपत होत्या.

मग एका दुपारी मी मशीनवरून मान वर केली आणि मला दिसलं ते असं. चादरीचं कापड टेबलावर पसरलेलं होतं. जाऊबाईंनी अलीकडच्या बाजूने रेघा मारल्या, कापल्या, आणि वळसा घालून पलीकडे जाण्याऐवजी कापडाचं टोक धरून सगळं कापडच गरकन फिरवून घेतलं. पलीकडची बाजू अलीकडे आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, गप्प बस. मी गप्प बसले. साध्या सुती कापडाला काय फरक पडतो? इकडून कापा नाहीतर तिकडून. पुढे वर्षभर त्या कापड फिरवत राहिल्या आणि हाताला ती सवय पडून गेली.

त्यानंतर मखमल आली. शहरातलं मोठं सभागृह नव्याने बांधून काढत होते, त्याच्या रंगमंचाचा पडदा आमच्याकडे आला. डाळिंबी रंगाची मखमल, असली की हात ठेवला तर उचलावासा वाटू नये. मालकीणबाईंनी ते काम कुठून कुठून ओळखी काढून मिळवलं होतं. आता मखमलीचं असं असतं की तिला लव असते. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर खरखरीत, आणि उजेडात लव खाली असेल तर रंग एक दिसतो, वर असेल तर दुसरा. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे, मधे कापड फिरवायचं नाही. हा आमच्या धंद्यातला पहिलीचा धडा, मला तो जाऊबाईंनीच दिलेला. पण मखमल टेबलावर पालथी घालतात, खुणा मागच्या बाजूने करतात, आणि मागून लव काही दिसत नाही. ती मास्तरने डोक्यात ठेवायची असते.

त्या आठवड्यात जाऊबाईंचे दोन्ही गुडघे सुजले होते. डोक्यात लव होती की नव्हती कोण जाणे, हातांत मात्र सवय होती. आम्ही शिवणाऱ्यांनीही ते पट्टे उलट्या बाजूने, ट्यूबलाइटखाली, मांडीवर ढीग घेऊन जोडले. कोणालाच काही कळलं नाही.

कळलं ते पडदा टांगल्यावर. आम्ही सगळ्या हौसेने बघायला गेलो होतो. दिवे लागले, आणि पडद्याचा एक पट्टा डाळिंबी तर दुसरा विटक्या विटेच्या रंगाचा, पुन्हा डाळिंबी, पुन्हा विटका. खालची कड कमानीकमानीने कापलेली, त्यामुळे पट्टे उलटे करून लावायचीही सोय नव्हती. मालकीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कापड ज्या गिरणीतून आलं तिथल्या माणसालाही पडदा बघायला बोलावलं होतं, आणि त्याला त्या तावातावाने सांगत होत्या की तुमचा रंग कच्चा आहे. तो माणूस रंगमंचावर चढला आणि पट्ट्याजवळ जाऊन त्याने तळहात पुढे केला. त्याचा हात कापडाला लागायच्या आत जाऊबाई बोलल्या. रंगमंचाला पायऱ्या होत्या आणि त्या दिवशी त्यांच्याने त्या चढवत नव्हत्या, म्हणून खालूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"गिरणीचा दोष नाही. कापड मी फिरवलं. गुडघे दुखतात माझे, पलीकडे जाववत नव्हतं."

मला त्या क्षणी त्यांचा एवढा अभिमान वाटला आणि एवढं रडू आलं, की कशाने कशाला आवरू ते समजेना.

मालकीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बटणांच्या टेबलाशी गादीची एक खुर्ची ठेवली, आणि प्रेमाने सांगितलं की मास्तरीणबाई, खूप राबलात, आता बसून काम करा. काज-बटणं कोणीतरी करायलाच हवीत. कात्री तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात गेली. टेबलावर नवा मास्तर आला, विजेवर चालणारं कापायचं यंत्र घेऊन. भला माणूस होता तो. त्याने पहिल्याच दिवशी येऊन जाऊबाईंना नमस्कार केला आणि कपाटातल्या कात्रीला मी हात लावणार नाही असं आपण होऊन सांगितलं. त्यामुळे त्याच्यावर चिडायचीही सोय उरली नाही.

घरी तर विचारूच नका. आमच्या घरात प्रेमाची तऱ्हा अशी, की ज्याच्यावर माया त्याला जागचं हलू द्यायचं नाही. पाणी हातात, ताट हातात, औषध हातात. बाजार बंद, कामाला जाण्यापुरता सोडून जिना बंद, ओट्याशी उभं राहणं बंद. स्वयंपाकघर एकटीच्या ताब्यात आलं म्हणून आधी मीही जरा खुशीत होते, खोटं कशाला बोला. भाऊजींनी तर कमाल केली. माळ्यावरून आपली टपालाची जुनी सायकल काढली, तिची घंटी सोडवली आणि जाऊबाईंच्या खुर्चीच्या हाताला बसवून दिली. काही हवं झालं की उठायचं नाही, घंटी वाजवायची. मी येईन. आणि खरंच यायचे हो. हातातलं वर्तमानपत्र टाकून धावत यायचे.

बसून गुडघे बरे व्हायचे, ते आणखी आखडले. अंग वाढलं. आधी चार पावलं चौकट धरून चालायच्या, आता आठ. एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते आणि त्या समोरच्या खुर्चीत होत्या. उठायला गेल्या, दोन्ही हात टेबलावर रोवले, अर्ध्यावर उठल्या आणि परत खाली बसल्या. घंटीकडे बघितलं. वाजवली नाही.

"मला कात्री धरता येते गं," त्या म्हणाल्या. "फक्त तिथपर्यंत जाता येत नाही."

बस्स. एवढंच म्हणाल्या. मी भाजीचं ताट बाजूला सारलं आणि ठरवलं की हे प्रेम आता पुरे झालं. दुसऱ्या दिवशी कामाला निघालो असं घरी सांगून मी त्यांना रिक्षात घातलं आणि थेट दवाखान्यात नेलं. भाऊजींना मुद्दामच बरोबर घेतलं नाही, नाहीतर तिथे त्यांनीच डॉक्टरीणबाईंना निदान सांगितलं असतं.

डॉक्टरीणबाई आमच्याच वयाच्या असतील. त्यांनी गुडघ्यांचा फोटो काढायला लावला आणि उजेडावर धरून दाखवला. दोन हाडांच्या मध्ये जी गादी असते ती झिजली आहे, म्हणाल्या, आणि कडेने हाडाला टोकं आली आहेत. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आमच्या घरात निदान दहा वेळा तरी ऐकवलं असेल. की पाळी जाते तेव्हा शरीरातलं एक द्रव्य कमी होतं, हाडांची आणि सांध्यांची राखण करण्यात त्याचाही वाटा असावा, आणि या वयानंतर हा आजार पुरुषांपेक्षा बायकांनाच जास्त गाठतो. यात तुमचा काही गुन्हा नाही. झिजलेलं भरून येणार नाही, पण अजून शस्त्रक्रियेची वेळ आलेली नाही, आणि दुखतंय म्हणून बसून राहणं हा तर उपाय नाहीच नाही. जाऊबाई सगळं मान खाली घालून ऐकत होत्या. 'गुन्हा नाही' म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

तिथून आम्हाला तळमजल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, दिवसभर काय करता? जाऊबाई म्हणाल्या, बसते. का? गुडघे दुखतात म्हणून. बाईंनी जाऊबाईंच्या मांडीवर बोटं दाबली, पीठ सैल झालंय का बघावं तशी, आणि म्हणाल्या की हा स्नायू तुमचा हमाल आहे. तुम्ही त्याला रजेवर पाठवलंत, आता सगळं ओझं एकट्या गुडघ्यावर आलं. हमालाला कामावर बोलवा.

बाहेर पडताना जाऊबाई कितीतरी महिन्यांनी हसल्या. म्हणाल्या, "लोक म्हणतात अक्कल गुडघ्यात असते. आपल्या घरात सगळ्यांचीच तिथे होती."

त्या दिवसापासून आमच्या घरात राज्यक्रांती झाली. पहिलं काम म्हणजे जाऊबाईंनी भाऊजींकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. त्यांनी तो धावत आणून दिला, बिचाऱ्यांना वाटलं घंटी ढिली झाली असेल. जाऊबाईंनी घंटी सोडवली, पुसली आणि आपल्या पिशवीत टाकली. भाऊजी बघतच राहिले. मग त्यांना सांगण्यात आलं की आजपासून मला कोणी काही आणून द्यायचं नाही. पाणी लागलं तर मी उठेन, आणि उठवत नसेल तर तहानलेली राहीन. भाऊजींना हे फार लागलं. दुखतंय तर हलवायचं कशाला, हे त्यांचं पालुपद दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी ते अबोल झाले, ते अधिक अवघड होतं.

व्यायाम बघायला काहीच नव्हता, करायला मात्र घाम निघायचा. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि तसाच धरून ठेवायचा. जाऊबाई तो कुकरची शिट्टी होईपर्यंत धरायच्या, आणि शिट्टी लांबली तर मला बोल लावायच्या, जणू गॅस मीच मुद्दाम बारीक केलाय. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. आणि सगळ्यात कठीण म्हणजे हात न टेकता खुर्चीतून उठायचं. आधी त्या खुर्चीवर दोन उशा ठेवून उठायच्या. मग एक. रात्रीच्या जेवणात हात आखडता घेतला आणि माझ्या हातच्या तळणाला सरळ नाही म्हणायला लागल्या. तेही मी गोड मानून घेतलं.

एकदा त्यांनी अति केलं. दुखणं कमी झालं म्हणून हुरूप आला आणि कारखान्याचा जिना उगाचच दोनदा चढल्या-उतरल्या. उजवा गुडघा टम्म सुजला. न्हाणीघराच्या स्टुलावर बसून त्या रडल्या, अगदी आवाज करून. मला वाटलं, आटोपलं सगळं. पण व्यायामवाल्या बाईंनी फोनवर सांगितलं की कमी करा, बंद करू नका. थोडं दुखेल, ते चालेल. दुसऱ्या दिवशीही तेवढंच दुखत राहिलं तर समजायचं जास्त झालं. जाऊबाईंनी डोळे पुसले आणि हे वाक्य त्यांना फार आवडलं. मखमलीसारखंच आहे, म्हणाल्या, ओढायची नाही आणि सोडायचीही नाही.

आणि भाऊजी? एका सकाळी जाऊबाई चालायला निघाल्या तर ते चप्पल घालून दारात उभे. एकटी पडलीस तर, एवढंच म्हणाले. तेव्हापासून दोघं रोज चालायला लागली. भाऊजी पुढे, जाऊबाई मागे. जन्मभराच्या सवयीने भाऊजी प्रत्येक फाटकाशी थबकतात. हाताने काही देत नाहीत, पण थबकतात. त्यामुळे जाऊबाईंना प्रत्येक घरापाशी घोटभर विसावा आपोआप मिळायचा, आणि 'थांबा' म्हणायचा कमीपणा घ्यावा लागायचा नाही. व्यायामवाल्या बाईंनी ही पद्धत ऐकली तेव्हा म्हणाल्या, हे मला पुस्तकात सापडलं नसतं.

इकडे सभागृहाच्या छताचं काम लांबलं, म्हणून आमची लाज तेवढी झाकून राहिली. मालकीणबाईंनी पदरमोड करून नवी मखमल मागवली. ती आली तेव्हा नव्या मास्तरने ती उलगडली, हात फिरवला, आणि प्रामाणिकपणे सांगितलं की मखमल मी कधी कापलेली नाही, आणि माझ्या यंत्राखाली ही सरकणार. मालकीणबाई म्हणाल्या, ठीक आहे, बाहेर दुसऱ्या कारखान्यात कापून घेऊ. उद्या सकाळी टेम्पो बोलावते.

सगळी मशीनं एकदम थांबली. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की हा पडदा एकदा जिन्यावरून खाली गेला की जाऊबाई बटणांच्या टेबलावरून जन्मात उठणार नाहीत. ती खुर्ची आता बसायची खुर्ची राहणार नव्हती, ती त्यांची जागा होणार होती. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांनी मांडीवरचा सदरा बाजूला ठेवला, सुई त्यात टोचून ठेवली आणि उठल्या. टेबलाला हात न लावता, खुर्चीच्या हातांना हात न लावता, नुसत्या उठल्या. बाकीच्यांना त्यात काय विशेष दिसलं असेल? मला मात्र दोन्ही उशा आठवल्या.

"मी कापते," त्या म्हणाल्या.

मालकीणबाईंनी त्यांच्या पायांकडे बघितलं. "आणि फेऱ्या?"

"मारीन."

"आणि परत फिरवलंत तर?"

जाऊबाईंना ते लागलं, लागणारच. पण त्या हलल्या नाहीत.

"बाई, एकदा फिरवून मी सगळ्यांसमोर उभी राहिले आहे. ज्याने कधीच फिरवलं नाही, त्याच्यापेक्षा आज माझ्या हातात ही मखमल जास्त सुरक्षित आहे."

मालकीणबाईंनी कपाटाची किल्ली काढली आणि नव्या मास्तरच्या हातात न देता जाऊबाईंच्या हातात दिली.

जाऊबाईंनी लगेच आपल्या अटी सांगितल्या, संधी साधायला त्या कधीच चुकत नाहीत. टेबल भिंतीपासून सुटं करायचं, म्हणजे दोन्ही टोकांनी वळता येईल. दोन्ही बाजूंना एकेक उंच स्टूल ठेवायचं. गठ्ठे उचलायला माणूस द्यायचा. आणि मी मधेच बसले तर कोणी माझ्याकडे दयेने बघायचं नाही. नव्या मास्तरने आधी जाऊन टेबलाला हात घातला. मग आम्ही सगळ्या उठलो. ओव्हरलॉकचं मशीन ढकलून जिन्याच्या तोंडाशी गेलं आणि टेबल खोलीच्या मधोमध मोकळं उभं राहिलं.

त्या पडद्याला त्यांनी बरेच दिवस घेतले. मखमल पालथी घातली की आधी प्रत्येक पट्ट्यावर खडूने लवेच्या दिशेचा बाण काढायच्या, त्यावर तळहात ठेवायच्या आणि मगच रेघ मारायच्या. अलीकडून अर्धी, मग चालत पलीकडे. मध्ये स्टुलावर टेकायच्या, पाय सरळ करून धरायच्या, पुन्हा उठायच्या. वळताना गुडघा वाजायचा तो मशीनच्या आवाजातही मला ऐकू यायचा. काळी कात्री टेबलाच्या लाकडावरून लांब, सलग आवाज करत जायची. तो आवाज किती महिने ऐकला नव्हता आम्ही! एका दुपारी दुखणं फार वाढलं तेव्हा त्या पट्टा अर्धा ठेवून, कात्री मिटून, सरळ घरी निघाल्या. पूर्वी त्यांनी असं केलं नसतं, पूर्वी कापड फिरवलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्यांनी तो अर्धा पट्टा पलीकडून पुरा केला.

जुन्या पडद्याचंही त्यांनीच सोनं केलं. आम्हाला पट्टे उसवायला लावले, एका दिशेचे एका ढिगात आणि उलट्या दिशेचे दुसऱ्या ढिगात. प्रत्येक ढीग आपल्यापुरता एकरंगी होता. त्यातून रंगमंचाच्या बाजूचे पडदे झाले, पुढचे गडद आणि मागचे फिके. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी विचारलं, ही छटांची कल्पना कोणाची? जाऊबाई म्हणाल्या, माझ्या गुडघ्यांची.

पडदा टांगला त्या दिवशी आम्ही पुन्हा सगळ्या गेलो. या वेळी भाऊजीही आले, इस्त्रीचा सदरा घालून. दिवे लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रंग, पिकलेल्या डाळिंबाचा, कुठे रेघ नाही की डाग नाही. मालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. माझे डोळे वाहायला लागले आणि मी ते वाहू दिले, पुसायचेसुद्धा नाहीत असं ठरवलं.

जाऊबाई पायऱ्यांपाशी गेल्या. भाऊजींचा हात आपोआप पुढे आला, आणि मग त्यांनी तो आपणच मागे घेतला. जाऊबाई चढल्या. एकेक पायरी, चांगला पाय आधी, व्यायामवाल्या बाईंनी शिकवलं होतं तसं. गुडघा वाजला, रिकाम्या सभागृहात तो सगळ्यांना ऐकू आला असेल, पण वर पोचल्या. मग तळहात पडद्यावर टेकवून त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, प्रत्येक पट्ट्यावरून वरून खाली हात फिरवत. एकही पट्टा खरखरला नाही. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर वळून त्यांनी आमच्याकडे बघितलं.

"दुखतंय का गं?" भाऊजींनी खालून विचारलं.

"दुखतंय," त्या तिथूनच म्हणाल्या. "पण मी इथे आहे."

पुढच्या सोमवारी त्या कामावर आल्या त्या सरळ टेबलाशी गेल्या. नवा मास्तर एका बाजूला, त्या दुसऱ्या. गणवेशांचे थर त्याच्या यंत्राचे, आणि मखमल, रेशीम, जे जे नाजूक ते यांच्या कात्रीचं. बटणांच्या टेबलावरच्या गादीच्या खुर्चीवर आता आम्ही पाळीपाळीने पाय सरळ करून बसतो, कारण मलाही पन्नाशी लागली आहे आणि वाफा निघायला लागल्या आहेत. मी मात्र गप्प बसत नाही, सगळ्यांना सांगते. त्याच सोमवारी जाऊबाईंनी पिशवीतून भाऊजींची ती सायकलची घंटी काढली आणि टेबलाच्या कडेला पक्की बसवली. वाट अरुंद, त्यात इस्त्रीवाली गरम इस्त्री घेऊन मधेच येते, कोणाचे पाय पसरलेले असतात, कोणाचे गठ्ठे पडलेले. दिवसातून किती वेळा ती घंटी वाजते कोणी मोजत नाही. वाजली की आम्ही पाय आवरतो, गठ्ठे ओढून घेतो आणि वाट मोकळी करतो, कारण मास्तरीणबाई पलीकडे निघालेल्या असतात.